तिसरं काज

१

चार खोल्यांचं एक घर होतं. त्या घरात एक आजी होती, तिचा एक मुलगा होता, मुलाची बायको होती आणि टिंब होती.

आजी काजवाली. शिंप्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून चाळीस वर्षं तिनं लोकांच्या कपड्यांना काजं केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं म्हणजे तिला साखरेला लागलेल्या मुंग्या. पण एकदा बोटाखालून गेलेलं काज ती दहा वर्षांनी डोळे मिटून ओळखायची. मुलगा अक्षरं काढायचा, सून चित्रं काढायची, आणि दोघं मिळून चित्रांची पुस्तकं करायची.

टिंब म्हणजे त्यांची मुलगी, साडेपाच वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की बाप म्हणाला, "लिहिताना माझ्याकडून नेहमी राहून जातं ना, ते टिंब हेच." तेच नाव पडलं.

टिंब बोलायची नाही. हसायची आवाज न करता, रडायची तेही आवाज न करता. तीन डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून सांगितलं, कान शाबूत, घसा शाबूत, जीभ शाबूत. "मग बोलत का नाही?" आजीनं विचारलं, तर डॉक्टरच मुके झाले. सून पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची, दूध उतू जाईस्तोवर.

आजी आणि टिंब यांचं मात्र अडत नसे. टिंब आजीची करंगळी धरायची. एकदा दाबली की नाही, दोनदा दाबली की हो. तेवढ्यावर दोघींची जगभराची बोलणी चालत. तरी माणसाचं मन आशाळभूत. रोज सकाळी पोरीच्या फ्रॉकची बटणं लावताना आजी पुटपुटायची, "एक शब्द दे. जास्त मागत नाही. कुणाचा का असेना, एक शब्द." कुणाला म्हणायची ते तिचं तिलाच ठाऊक.

पिवळा फ्रॉक आजीनंच शिवला होता. पाठीवर पाच बटणं, पाच काजं. त्यातलं तिसरं काज तिरकं गेलं होतं, कारण तेव्हा आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"उसवून नीट करा ना आई," सून म्हणाली होती.

"राहू दे गं. माझी सही आहे ती. दुसरी कुठं येते मला?"

२

पुस्तक आलं ते एका चित्रकार बाईचं. तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेली. मजकूर एका जाड चष्म्याच्या संशोधक बाईंनी लिहून दिला होता. आजीला त्या चित्रकार बाईचं नाव काही जिभेवर बसेना. ती म्हणायची रंगवाली.

"हिचा चेहरा कसा काढू?" सुनेनं विचारलं. "एकही चित्र नाही हिचं."

"काढूच नका," संशोधक बाई म्हणाल्या. "शहरातल्या सगळ्यांचे चेहरे तिनं रंगवले, स्वतःचा नाही. पाठमोरी ठेवा. आणि तिला एकही फुगा द्यायचा नाही. तिचा एक शब्द कुठं नोंदलेला नाही. आपण तिच्या तोंडी घालायचा नाही."

फुगा म्हणजे चित्रातल्या माणसाचं बोलणं ज्यात लिहितात तो पांढरा गोल. फुग्याला शेपूट असतं. शेपूट ज्याच्या तोंडाकडे, बोलणं त्याचं. एवढं आजीलाही कळत होतं.

"म्हणजे नवरी मुकी आणि वऱ्हाडाला तोंड," आजी म्हणाली. सगळे हसले. मग आजीच्या लक्षात आलं, टिंब तिथंच स्टुलावर बसली होती. आजीनं जीभ चावली.

घरातलं काम असं चालायचं. सून आधी पेन्सिलीनं आखायची, मग त्यावरून शाई फिरवायची, फुग्यांसकट. कागद वाळले की आजीकडे. आजीचं काम खोडायचं. शाईखालच्या पेन्सिलीच्या रेघा खोडरबरानं साफ करायच्या, चुरा फडक्यानं झटकायचा आणि कागद मुलाकडे सरकवायचा. मुलगा फुगे भरायचा. सुनेचं टेबल खिडकीशी, मुलाचं भिंतीशी, मधे आजी, आणि आजीच्या डाव्या हाताला स्टुलावर टिंब.

मुलाचा एक नेम होता. रिकामा फुगा छापायला जाऊ द्यायचा नाही. पूर्वी एकदा गेला होता. राजा सिंहासनावरून तोंड वासून ओरडतोय आणि वर कोरा गोल! ओळखीचे लोक रस्त्यात गाठून विचारायचे, "काय हो, राजा काय म्हणाला?" तेव्हापासून फुगा दिसला की तो भरल्याशिवाय हा माणूस उठत नसे.

३

एक्केचाळिसावं पान. दुपारची वेळ. सून शाई आणायला गेलेली, मुलगा आत आडवा झालेला. आजी रबर फिरवत होती.

पानावर रंगवाली खिडकीशी बसलेली, पाठमोरी, अंबाड्यात कुंचला खोचलेला. भोवती माणसंच माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर फुगे. हिच्या डोक्यावर काही नाही.

टिंब स्टुलावरून उतरली, पेन्सिल घेतली आणि रंगवालीच्या डोक्यावर एक वेडावाकडा फुगा काढला. शेपूट अंबाड्याला टेकवलं. मग आजीकडे वळून तिची करंगळी धरली. दोनदा दाबली.

आजीचं रबर बाकीच्या सगळ्या रेघांवरून फिरलं आणि तिथं येऊन थांबलं. पोरीनं साडेपाच वर्षांत काही मागितलं नव्हतं. आज मागितलं ते स्वतःसाठी नाही, दुसरीसाठी. राहू दे, आजीला वाटलं. बघेल तिचा बाप, हसेल आणि पुसून टाकेल.

आजीचं काम खोडायचं. तिनं खोडलं नाही. चूक झाली ती एवढीच.

मुलगा डोळे चोळत आला. "ही शाई फिरवायला विसरली वाटतं," म्हणाला आणि त्या वेड्यावाकड्या फुग्यावर त्यानं व्यवस्थित शाई फिरवली. मजकुराचे कागद चाळले. त्या फुग्यासाठी काही सापडेना. पेन दातात धरून जरा वेळ बसला, मग काहीतरी लिहिलं.

"काय रे लिहिलंस?" आजीनं विचारलं.

"'हं' लिहिलं. नुसतं हं. रिकामा कसा सोडू? बाईंना नको असेल तर काढतील."

आणि स्टुलावरून आवाज आला.

"हं."

४

त्या संध्याकाळी घरात काय झालं ते काय सांगावं. सून आली तर मुलगा दारातच हमसाहमशी रडत होता. तिच्या हातातली शाईची बाटली पडली, फरशीवर हे एवढं काळं तळं झालं, आणि त्या तळ्यात पाय देऊन ती पोरीकडे धावली. "पुन्हा म्हण गं राणी, पुन्हा म्हण." टिंब म्हणाली, "हं." दहादा म्हणायला लावलं, दहादा म्हणाली.

आजी हसत होती, पदरानं डोळे पुसत होती. फक्त एक गोष्ट तिला टोचली, चपलेत खडा टोचावा तशी. आवाज पोरीचा होता. पण पहिल्यांदा बोलणाऱ्या पोरीचा नव्हता. लेकरू पहिला शब्द टाकतं तो पहिल्या पावलासारखा, धडपडत. हे 'हं' पायरी ठाऊक असलेल्या माणसासारखं उतरलं. कामात असलेल्या बाईला कुणी हाक मारावी आणि तिनं मान न वळवता 'हं' म्हणावं, तसं.

"आई, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की. म्हातारपणी आनंद हळूहळू चढतो."

५

दोन दिवसांनी बेचाळिसावं पान आजीच्या हातात आलं. त्यावर फुगा होता. शाईचा. शेपूट रंगवालीच्या अंबाड्यापासून निघालेलं, पण तिथं संपत नव्हतं. चौकटीची रेघ ओलांडून, दोन चित्रांमधल्या पांढऱ्या गल्लीतून ते केसासारखं बारीक होत कागदाच्या डाव्या कडेला जाऊन भिडलं होतं.

"सूनबाई, हा फुगा तू काढलास?"

"काढला असेल. का हो?"

"तिला फुगा द्यायचा नव्हता ना?"

सुनेनं पाहिलं, कपाळाला आठी घातली. "हात ओढला गेला वाटतं. दोन रात्री झोप आहे का मला? आनंदानंच येत नाही."

पटण्यासारखं होतं. हात ओढले जातात. आजीनं स्वतः एकदा शर्टाच्या पाठीवर काज केलं होतं. तिनं कागद पुढं सरकवला. मुलानं फुगा पाहिला, मजकुरात शोधलं, मिळालं नाही, तरी लिहिलं. "काय लिहिलंस?" आजीनं विचारलं. "'ऐक' लिहिलं."

"ऐक," टिंब स्टुलावरून म्हणाली.

त्रेचाळिसावं पान आजीनं मुद्दाम उलटं धरलं, वरची कड खाली. या पानावरचं शेपूट चित्राच्या उजव्या कडेला गेलेलं होतं. पण कागद उलटा होता. म्हणजे चित्राची उजवी ती आजीची डावी. आजीनं कागद टेबलावर ठेवला आणि शेपटाच्या टोकापासून नजर पुढं नेली, सुईत दोरा ओवताना नेतात तशी. टेबलाची कड, मधली हवा, स्टूल. स्टुलावर टिंब, तोंड किंचित उघडं.

"त्यात काय लिहिणार आहेस?" आजीनं मुलाला विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"कुणास ठाऊक. पेन टेकवलं की सुचतं," मुलगा म्हणाला आणि लिहिता लिहिता स्वतःशीच वाचलं, "मी."

६

पन्नासाव्या पानापर्यंत टिंब घडाघडा बोलू लागली. शेजारीपाजारी येऊन ऐकून जायचे. एके दिवशी आईच्या खांद्यावरून बघत ती म्हणाली, "ही नीळ पातळ झालीय. आणि मनगट आखडू नकोस, सैल सोड." सून हसून हसून वाकली. "बघा आई, मास्तरीण झाली माझी!" पण मनगट सैल सोडलं, आणि रेघ खरंच बदलली. इतकी देखणी रेघ तिच्या हातून कधी आली नव्हती.

टिंब आता आजीची करंगळी धरत नसे. आजीनं पुढं केली की बोटाकडे बघायची, आणि हसायची. पाहुण्याच्या मुलाकडे बघून हसतात तसं.

आजीनं मनाला खूप समजावलं. बोलणं आलं की खुणा जातातच. दिवसभर आईबापाच्या टेबलाशी बसून पोर चार शब्द उचलणारच. आपल्यालाच म्हातारचळ लागलाय. सगळं समजावून झाल्यावर एका दुपारी तिनं ब्लेड घेतलं आणि चौपन्नाव्या पानावरचा फुगा खरवडून काढला. कागदाची लव उडाली, शाई गेली, शेपूट गेलं.

टिंबनं दोन्ही हातांनी गळा धरला. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज नाही.

तो दिवस गेला, दुसरा गेला. सून जेवेना. पोरीसमोर गुडघ्यावर बसून, "काय चुकलं माझं, सांग ना," म्हणत राहिली. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला. आणि टिंबनं आजीची करंगळी धरली. तीच पकड, तोच गरम लहान हात. पाठोपाठ कितीदा दाबली, आजीला मोजता येईना. ना हो, ना नाही, नुसती दाबतच राहिली.

ती काय सांगत होती, हे आजीला त्या दिवशी उमगायला हवं होतं. पण तिच्या कानात सुनेचं रडणं होतं.

"मी खरवडला फुगा," आजीनं कबूल केलं. "पुन्हा काढ. जसा होता तसा."

मुलानं वळून पाहिलं. "म्हणजे तुलाही वाटतं, त्याचा याच्याशी काही—"

"मला काही वाटत नाही. तुला?"

मुलगा हळू म्हणाला, "असेलही आई. असू दे ना. बोलतेय ना ती?"

सुनेनं फुगा काढला. मुलानं भरला. "भूक लागली," टिंब म्हणाली, आणि आजीची करंगळी सोडून दिली.

७

शेवटचं पान सकाळी आलं, लख्ख उन्हात. आजी म्हणाली होती, मी आता खोडणार नाही, डोळे दुखतात. पण सुनेनं कागद पुढं ठेवलाच. "एवढंच आई. शेवटचं."

चित्रात मोठी खोली, खिडकी, रंगांची भांडी. खिडकीशी रंगवालीची नेहमीची खुर्ची. खुर्ची रिकामी. खुर्चीच्या बाजूला एक लहान मुलगी उभी, पाठमोरी.

"ही कोण?"

"शिष्या असेल हो. होत्या तिला शिष्या. मजकुरात असणारच." सून दाराकडे बघत होती, छापखान्याचा माणूस यायचा होता.

"आणि रंगवाली कुठं गेली?"

"वारली ना आई ती शेवटी. म्हणून खुर्ची रिकामी."

आजीनं रबर उचललं. मुलीच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. तिनं त्या हलक्या हातानं खोडल्या, चुरा झटकला. खालून शाईचं काम वर आलं. फ्रॉकची पाठ. पाच बटणं. पाच काजं.

तिसरं तिरकं.

नुसतं तिरकं असतं तर आजीनं मनाला समजावलं असतं. पण डाव्या टोकाला एक टाका जास्त पडलेला होता, आणि तो लपवायला घातलेली गाठ होती. त्या फ्रॉकवर ती गाठ कुणाला दिसत नसे. ती फक्त बोटाला लागायची. सुनेला ती काढता येणं शक्य नव्हतं, कारण ती आहे हेच सुनेला माहीत नव्हतं.

मुलीच्या डोक्यावर फुगा नव्हता.

"आजी," मागून आवाज आला. "माझी बटणं लावतेस?"

टिंब पाठ करून उभी होती. पिवळा फ्रॉक. आजीनं पहिलं बटण लावलं, दुसरं लावलं. तिसऱ्याला बोटं सवयीनं जरा खाली वळली आणि बटण अडलं. काज सरळ होतं. आजीनं अंगठ्यानं चाचपलं. गाठ नव्हती. पाचही काजं एका ओळीत, दृष्ट लागावी इतकी सुबक, नजर आणि हात दोन्ही पक्के असलेल्या कुणा बाईनं केलेली.

"टिंब," आजी म्हणाली.

"ओ," ती म्हणाली. मान न वळवता.

छापखान्याचा माणूस आला आणि कागद घेऊन गेला. आजी दारापर्यंत गेली, त्याच्या बाहीला हातही लावला. पण सांगणार काय होती? काजाचं?

८

पुस्तक छापून आलं त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जाड चष्म्याच्या बाई फुग्यांवरून रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वाचता वाचता चष्मा काढला. "हे शब्द कुठून आणलेत हो? हीच बोलतेय असं वाटतं," एवढंच म्हणाल्या, आणि परत वाचायला लागल्या. टिंब पाहुण्यांमधे फिरत होती, कुणाच्या नाकाचा उतार कसा आहे ते सांगत होती, आणि लोक खुश होत होते.

आजीनं एक प्रत उचलली आणि आतल्या खोलीत गेली. शेवटचं पान काढलं. पाठमोरी पोर तशीच उभी होती. आजीनं करंगळी तिच्या हातापाशी टेकवली.

"तूच का गं?"

करंगळीखाली काहीतरी झालं. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा. नाडी असेल. म्हाताऱ्या माणसाची नाडी बोटाच्या टोकातही उडते. आजीनं बोट काढलं, पदराला पुसलं, पुन्हा टेकवलं. दोनदा.

तिनं पेन्सिल शोधली. त्या पोरीच्या डोक्यावर एक फुगा काढला, शेपूट नीट तिच्याकडे वळवलं. आयुष्यातला पहिला. आणि मग पेन्सिल धरून बसून राहिली. फुगा रिकामा. भरायचा कसा? एक अक्षर तरी येत होतं का तिला? मुलाला हाक मारावी तर तो काय लिहील? जे सुचेल ते. आणि सुचवणारं कोण?

"अगं आजी, रिकामा सोडू नये," दारातून आवाज आला. "आण, मी भरते. मला येतं लिहायला."

तिनं पेन्सिल आजीच्या बोटांतून अलगद सोडवून घेतली. मनगट सैल सोडून लिहिलं, एका दमात. आजी बघत राहिली. मुंग्यांची एक लहानशी रांग.

"काय लिहिलंस?"

"'मी मजेत आहे.' असं म्हणतेय ती."

आजीनं त्या मुंग्यांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तेच लिहिलं असेल, नसेलही. मग बाहेरून सुनेची हाक आली, "आई, या ना, सगळे थांबलेत!" आणि पोर आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली. अख्खा हात धरला, पाचही बोटं, घट्ट.

असं त्या घराचं भाग्य उजाडलं. सुनेचा हात नावारूपाला आला, मुलाचे शब्द लोकांना पाठ झाले, घरात दिवसभर पोरीचा आवाज घुमू लागला आणि दूध पुन्हा कधी उतू गेलं नाही. आणि आजीनं रोज सकाळी जे मागितलं होतं, तेवढंच तिला मिळालं, मापानं मिळालं. एक शब्द, कुणाचा का असेना.